दगड बदलला की भूमिती बदलते

बंगळूरच्या दक्षिण भागात गविपुरम नावाची वस्ती आहे आणि तिथे कातळाच्या पोटात गवी गंगाधरेश्वराचे गुहामंदिर आहे. शहराचा संस्थापक केंपेगौडा याने सोळाव्या शतकात त्याचा विस्तार केला, असे मानले जाते. गुहेबाहेरच्या अंगणात चार पाषाणशिल्पे उभी आहेत: एक त्रिशूळ, एक डमरू आणि दगडी खांबांवर उभ्या कडेने पेललेल्या दोन प्रचंड चकत्या. या चकत्यांना सूर्यपान आणि चंद्रपान म्हणतात. प्रत्येकीचा व्यास सुमारे 2 मीटर आहे. दक्षिणेतल्या देवळात आपल्याला देव, अप्सरा, हत्ती, वेलबुट्टी अपेक्षित असते. इथे जवळजवळ निव्वळ भूमिती आहे. संक्रांतीच्या सुमारास मावळत्या सूर्याचे किरण बाहेरच्या नंदीच्या शिंगांमधून आत शिरून पिंडीवर पडतात, म्हणून या देवळाची ख्याती. बंगळूरच्या नेहरू तारांगणातील अभ्यासकांनी 2008 साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. थॉमस आणि विल्यम डॅनियल या चित्रकारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या चित्रांशी त्यांनी आजचे बांधकाम ताडून पाहिले आणि मधल्या काळात झालेल्या फेरफारांमुळे प्रकाशाची वाट कशी बदलली ते दाखवले. आकाशाच्या बाजूने या शिल्पांचा विचार झाला आहे. दगडाच्या बाजूने तो फारसा झालेला नाही, आणि माझ्या मते या शिल्पांचे खरे मर्म तिथेच आहे. दख्खनच्या पठारावरच्या स्थपतींची भूमिती ही त्यांची रचनाशास्त्रातली शोधयात्रा होती. कोणता दगड किती भार पेलतो, कुठे तुटतो, किती लांब निघतो, या प्रश्नांची उत्तरे त्यांनी शिल्पाच्या आकारातून शोधली. याचा पुरावा असा की दगड बदलला तिथे तिथे भूमितीही बदलली.

आधी दगडाचा स्वभाव पाहू. कोणताही दगड दाब सोसण्यात थोर असतो आणि ताण सोसण्यात दुबळा. त्याची ताणशक्ती दाबशक्तीच्या दहाव्या हिश्श्याइतकी, पुष्कळदा त्याहूनही कमी असते. खांब फक्त दाबला जातो, त्यामुळे तो सहसा हार मानत नाही. तुळई मात्र वाकते: तिचे वरचे अंग दाबले जाते, खालचे ताणले जाते, आणि तडा खालून सुरू होतो. जाडी तीच ठेवून तुळईची लांबी दुप्पट केली, तर केवळ स्वतःच्या वजनाने येणारा ताण चौपट होतो. देवळांच्या मंडपात खांबांची एवढी दाटी का असते, याचे उत्तर या एका वाक्यात आहे. युरोपात हा प्रश्न गणिताच्या भाषेत प्रथम गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या ग्रंथात मांडला. त्यात त्याने एका आडव्या ठेवलेल्या संगमरवरी स्तंभाची हकीकत दिली आहे: दोन टोकांना आधार होता, काळजी म्हणून मध्ये तिसरा दिला, आणि काही महिन्यांनी स्तंभ नेमका त्या तिसऱ्या आधारावर तुटला, कारण टोकाचा एक आधार कुजून खचला होता. कर्नाटकातले बेलूरचे देऊळ त्या ग्रंथापेक्षा पाचशे वर्षांनी जुने आहे. तिथल्या स्थपतीकडे सूत्र नव्हते, पण आधार आणि तडा यांचे नाते त्याला ठाऊक असल्याशिवाय त्या देवळाचे छत आजवर टिकले नसते.

दख्खनच्या दक्षिण भागात या कलेला एक वेगळाच दगड सापडला. बदामी, ऐहोळे, पट्टदकल इथली चालुक्यांची सुरुवातीची देवळे वालुकाश्मात आहेत. अकराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांच्या कारागिरांनी हिरवट-काळसर, मऊ क्लोराइट शिस्ट हाताळायला सुरुवात केली; त्यालाच सर्रास सोपस्टोन म्हणतात. लक्कुंडी, डंबळ आणि 1112 मधले इटगीचे महादेव मंदिर हे त्याचे नमुने, आणि त्यांच्या पाठोपाठ होयसळांनी बेलूर, हळेबीड, सोमनाथपूर इथे त्याची परिसीमा गाठली. हा दगड खाणीतून निघतो तेव्हा छिन्नीला सहज वश होतो आणि हवेत राहून टणक होत जातो, आणि कण बारीक असल्यामुळे धार धरून ठेवतो. लगेच भूमितीत काय झाले ते पाहा. चौरस एका मध्यबिंदूभोवती फिरवायचा आणि त्याच्या कोपऱ्यांमधून तारा उभा करायचा, ही युक्ती पुढे आली. चार चौरस साडेबावीस अंशांच्या अंतराने फिरवले की सोळा कोन मिळतात. 1258 मध्ये पूर्ण झालेल्या सोमनाथपूरच्या तिन्ही गर्भगृहांचा आराखडा असा सोळा कोनांचा आहे. सहा चौरस पंधरा अंशांनी फिरवले की चोवीस कोन. डंबळच्या दोड्डबसप्पा मंदिरात तो चोवीस कोनांचा तारा अखंड उतरला आहे. यासाठी दोरी आणि खुंटी यांपलीकडे काही लागत नाही. पण त्याचे बांधकामातले फळ मोठे आहे. जोत्यावर आखलेला प्रत्येक कोन भिंतीतून, मजल्यामजल्याने आखडत जाणाऱ्या शिखरातून थेट कळसापर्यंत चढतो. म्हणजे वरच्या प्रत्येक कंगोऱ्याखाली त्याला पेलणारा कंगोरा असतोच. शिवाय सगळे कोन सारखे असल्याने कोपऱ्याच्या दगडाचा एकच साचा पुरतो, आणि अनेक हात एकाच वेळी कामाला लावता येतात. घडी घातलेला कागद जसा सपाट कागदापेक्षा ताठ उभा राहतो, तसा ताऱ्याच्या आकारामुळे भिंतीला थोडा ताठपणाही मिळतो. पण या भिंती मुळातच इतक्या जाड आहेत की हा लाभ दुय्यम समजावा.

याच मऊ दगडातल्या खांबांकडे पाहिले की कारागिराची समज अधिक उघड होते. होयसळ मंडपातले घंटेच्या आकाराचे, चकाकणारे खांब फिरत्या यंत्रावर कातलेले आहेत. त्यांच्या अंगावरची समांतर वर्तुळे त्याची साक्ष देतात. या खांबांच्या माना ठिकठिकाणी खोल आत घेतल्या आहेत आणि मध्येच चाकांसारख्या पातळ कडा बाहेर काढल्या आहेत. नवख्या माणसाला वाटावे की खांब विनाकारण कमजोर केला. खांबावर येणारा भार दगडाच्या दाबशक्तीच्या मानाने फार थोडा असतो, एवढी खात्री असल्याशिवाय कोणी असे धाडस करणार नाही. आणि याच कारागिरांनी तुळईला असे कधी कातलेले नाही. तुळया सरळ, जाड आणि आयताकृती राहिल्या. त्यांच्यावरचे कोरीवकाम उथळ आहे. दाब आहे तिथे मोकळीक, ताण आहे तिथे संयम. अलंकाराचा सोस एवढेच कारण असते तर त्यांनी खांब आणि तुळई यांत असा भेद केला नसता.

छतांकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण तिथे भूमिती आणि रचना यांना वेगळे करताच येत नाही. चार तुळयांनी तयार झालेला चौरस झाकायचा आहे आणि तेवढी मोठी फरशी मिळत नाही किंवा मिळाली तरी तुटेल. मग चारही कोपऱ्यांवर तिरके दगड ठेवून आत पंचेचाळीस अंशांनी फिरलेला दुसरा चौरस तयार करतात. त्याची बाजू मूळ बाजूच्या सुमारे सत्तर टक्के भरते आणि क्षेत्र निम्मे होते. त्यावर पुन्हा तसेच केले की क्षेत्र चौथाई, आणि मूळ बाजूच्या अर्ध्या बाजूचा चौरस उरतो. आता एक साधी फरशी पुरते, कारण तिच्यावरचा ताण एकदम खूप उतरलेला असतो. काही ठिकाणी चौरसातून अष्टकोन, त्यातून सोळा कोन आणि शेवटी वर्तुळ असे थर पुढे सरकत जातात आणि मधोमध दगडी कमळ लोंबते. बेलूर आणि हळेबीडची छते या दोन्ही पद्धतींचे अफाट प्रकार दाखवतात. फिरत्या चौरसांचे छत अफगाणिस्तानापासून आर्मेनियापर्यंत लाकडातही आढळते, तेव्हा ती दख्खनची मालकी नव्हे. पण तिला इतक्या रूपांत तपासून पाहणे ही इथल्या पाथरवटांची कामगिरी. खालून मान वर करून बघणाऱ्याला जे नक्षीदार दिसते, तो वरच्या वजनाचा खाली उतरण्याचा मार्ग असतो.

आता उत्तरेकडे, आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलुखात येऊ. इथे एक आक्षेप समोर येतो, आणि तो गंभीर आहे. ताऱ्याची भूमिती मऊ दगडामुळे आली असे म्हणावे, तर लोणारचे दैत्यसूदन मंदिर ताऱ्याच्या आकाराचे कसे? बेसॉल्ट तर छिन्नी बोथट करणारा. शके 982 म्हणजे 1060 सालचा लेख असलेले अंबरनाथचे देऊळही कोनामागून कोन काढत गेलेले आहे. उत्तर असे की आकाराचे कुळ एक असले तरी ते साधण्याची रीत निराळी आहे. लाव्हा थंड होताना आकसतो, त्यात सांधे पडतात. त्यामुळे बेसॉल्ट बहुतेक ठिकाणी बेताच्या आकाराच्या ठोकळ्यांत सुटतो आणि लांब, निर्दोष तुळई मिळणे कठीण जाते. म्हणून इथला तारा ठोकळ्यांवर ठोकळे रचून, खाचा आणि खुंट्यांनी चुन्याशिवाय जुळवून उभा राहिला. त्यात होयसळांचा धारदार बारीकपणा नाही. खोल सावल्या पाडणारे भक्कम टप्पे आहेत. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर पाहा. ते भूमिज पद्धतीचे आहे: चार बाजूंच्या मध्यावरून चार उभ्या पट्ट्या वर चढतात आणि त्यांच्या मधल्या जागेत छोट्या शिखरांच्या ओळी थरामागून थर लहान होत जातात. एकच छोटा घटक, वेगवेगळ्या मापांत, शेकडो वेळा. मोठा दगड दुर्मीळ असलेल्या प्रदेशात उंच शिखर उभारण्याचा यापेक्षा शहाणा मार्ग मला सुचत नाही. (या साऱ्या देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणण्याची आपली सवय आता सोडावी, हेमाद्री तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला आणि अंबरनाथ त्याच्या दोन शतके आधीचे.) वेरूळच्या कैलासाचे उदाहरण इथे गैरलागू आहे. तो अखंड कातळात वरून खाली कोरलेला आहे. त्यातल्या तुळया म्हणजे बांधीव तुळयांची प्रतिमा आहे.

तिसरा दगड बंगळूरचा. लालबागेतल्या टेकडीवर उघडा पडलेला नाइस हा ग्रॅनाइटच्या जातकुळीचा खडक तीन अब्ज वर्षांहून जुना आहे आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपला गेला आहे. तो अत्यंत कठीण आहे, त्याचे कण भरड आहेत, आणि होयसळ खांबाची बारीक धार त्यात धरत नाही. पण त्याच्याकडे एक गुण आहे जो इतर दोघांकडे नाही: तो मोठमोठ्या पातळ पत्र्यांत सुटतो. वार्थ नावाच्या भूवैज्ञानिकाने 1895 साली ‘नेचर’ नियतकालिकात बंगळूरकडच्या खाणकामाचे जे वर्णन दिले, ते वाचून थक्क व्हायला होते. कातळाच्या सपाट पाठीवर सुमारे 7 फूट लांबीची लाकडांच्या जाळाची रेघ पेटवायची. हातोडा मारून आवाज ऐकत राहायचे; खालचा थर सुटल्याचा आवाज आला की जाळ काही इंच पुढे ढकलायचा. अशी ही रेघ पुढे सरकत, लांबत, कमानीसारखी होत सुमारे 25 फुटांपर्यंत वाढवायची. आठेक तासांत सरासरी 5 इंच जाडीचा शेकडो चौरस फुटांचा दगडी पत्रा मूळ खडकापासून वेगळा होई, आणि मग छिन्नीने त्याच्या पट्ट्या पाडत. सुरुंग नाही, यंत्र नाही. फक्त उष्णतेने फुगणारा वरचा थर आणि सुटण्याचा आवाज ओळखणारा कान. बंगळूरच्या जुन्या घरांची दगडी छपरे, कुंपणाचे दगडी खांब, उभ्या फरश्यांच्या भिंती या सगळ्यांचा उगम अशा कामात आहे.

या पार्श्वभूमीवर सूर्यपान आणि चंद्रपान नीट समजतात. ज्या दगडाचा नैसर्गिक अवतारच पत्रा, त्यातून चकती निघणे स्वाभाविक आहे. ती उभ्या कडेने ठेवली की तिच्या वजनाचा मध्य खांबाच्या अक्षावर येतो, बाजूला झुकणारे काही उरत नाही, आणि दगडात वजनामुळे येतो तो प्रामुख्याने दाब. उरतो तो वाऱ्याचा रेटा. तो पेलण्यासाठी दगडाचे वजनच कामी येते. त्रिशूळात मात्र बाहेरची दोन पाती बाजूला झुकतात आणि तिथे वाक, म्हणजे ताण, येतो. एकाच अंगणात, एकाच दगडात, वर्तुळ आणि त्रिशूळ शेजारी उभे करणे म्हणजे सोपा आणि अवघड असे दोन प्रश्न जवळजवळ मांडणे होय. ज्याने हे योजले त्याच्या मनात सूर्य, चंद्र आणि शिव होते यात शंका नाही. त्यांच्यासाठी अनेक रूपे उपलब्ध होती. त्यातले जे रूप या खडकाला झेपते ते त्याने निवडले.

यावर धर्माच्या बाजूने आक्षेप येईल: देवळाचा आराखडा शिल्पशास्त्राच्या ग्रंथांतून येतो, तारा आणि चौरस ही मंडले आहेत, त्यांचा भाराशी संबंध जोडणे म्हणजे आजच्या अभियंत्याची नजर जुन्यांवर लादणे. मंडलांचा अर्थ मला मान्य आहे. पण एकच अर्थ तीन प्रदेशांत तीन वेगळ्या देहांनी का वावरतो, याचे उत्तर मंडलात नाही. इतिहासाच्या बाजूने येणारा आक्षेप अधिक बळकट आहे: बदलले ते राजवंश आणि कारागिरांची घराणी, दगड हा योगायोग. सुदैवाने हे तपासण्याची सोय बंगळूरमध्येच आहे. आजच्या शहरातल्या दोम्मलूरच्या चोक्कनाथ मंदिरात होयसळ राजा वीर रामनाथाचे तमिळ शिलालेख आहेत. राज्य होयसळांचे, शतक सोमनाथपूरचेच म्हणजे तेरावे. पण दगड ग्रॅनाइट आणि देऊळ साधे, काटकोनी, द्राविड वळणाचे. तमिळ मुलुखात समयपुरमजवळ कण्णनूर इथे होयसळांनी राजधानी थाटली, तेव्हाचे पोयसळेश्वर मंदिरही तमिळ पद्धतीचे झाले. दुसरा दाखला तर मराठी वाचकाच्या घरचा आहे. 1638 मध्ये बंगळूर विजापूरकरांच्या हाती आले, शहाजीराजांची जहागीर झाले, आणि सुमारे अर्धे शतक भोसल्यांकडे राहिले. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिराशी शहाजीराजांचे पुत्र वेंकोजी यांचे नाव जोडलेले आहे. त्यांचा 1669 सालचा दानलेख तिथे आहे. राज्यकर्ता मराठा, त्याच्या मूळ मुलुखात भूमिज शिखरांची परंपरा. तरी देऊळ द्राविड. राजा बदलला, भाषा बदलली, भूमिती जागची हलली नाही. यावर कोणी म्हणेल की तिथले कारागीर स्थानिक होते, म्हणून असे झाले. होय, पण स्थानिक कारागिराचा हात पिढ्यान्‌पिढ्या ज्या दगडाने घडवला, तोच तर माझा मुद्दा आहे. दगड हे एकमेव कारण, असा माझा दावा नाही. पैसा, पंथ, राजाची हौस यांनीही देवळे घडवली. दगडाने मर्यादा आखली आणि शोध त्या मर्यादेच्या आत चालला.

शेवटचा आक्षेप ‘शोध’ या शब्दालाच आहे. गणित नाही, नोंदी नाहीत, मग परंपरेला शोध का म्हणावे? याचे उत्तर जगाच्या अलीकडच्या इतिहासात मिळते. रॉबर्ट हुकने 1675 साली कमानीचा योग्य आकार लोंबत्या साखळीच्या उलट्या रूपात आहे असे सुचवले, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी अंतोनी गाउदीने बार्सिलोनाजवळच्या चर्चसाठी दोऱ्या आणि वजनाच्या पिशव्या टांगून तो आकार शोधला. ते मॉडेल एक शिल्पच होते. 1948 मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात केनेथ स्नेल्सन हा कलेचा विद्यार्थी होता. त्याने दाब सोसणारे दांडे आणि ताण सोसणाऱ्या तारा वेगळ्या करून दांडे एकमेकांना न भिडता हवेत राहतील असे शिल्प केले. त्याचे शिक्षक बकमिन्स्टर फुलर यांनी त्या तत्त्वाला नंतर टेन्सेग्रिटी हे नाव दिले. ब्रिस्बेनमध्ये 2009 साली उघडलेला कुरिल्पा पूल त्या शिल्पाचा वारसदार आहे. आकृती आधी, हिशेब नंतर, हा क्रम तिथे सगळे मान्य करतात. आपल्या पाथरवटांच्या बाबतीत तो नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. नोंदी नाहीत असे म्हणावे, तर एकाच छताचे इतके प्रकार हीच नोंद आहे: जो प्रकार टिकला तो पुढच्या देवळात उतरला.

दगडाची ही मर्यादा पुढे काँक्रीटने ओलांडली. पुण्यात 1927 साली जन्मलेले वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी बंगळूरच्या आयआयएमचे संकुल उभारले, तेव्हा भिंतींना त्यांनी तिथलाच करडा, खडबडीत ग्रॅनाइट वापरला आणि लांब गाळे झाकण्याचे काम काँक्रीटवर सोपवले. काँक्रीटच्या पोटातले पोलाद ताण सोसते, म्हणून खांबांची दाटी संपली आणि फिरत्या चौरसांची गरजही संपली. ती गरज संपली तसे त्यामागचे ज्ञानही विस्मरणात चालले आहे. 1868 साली अंबरनाथच्या देवळाची मोजमापे, रेखाटने आणि साचे जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी घेतले होते. एवढे काम दीडशे वर्षांपूर्वी झाले. आज महाराष्ट्रात स्थापत्य अभियांत्रिकी आणि वास्तुकला शिकवणारी महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. त्यांनी आपापल्या परिसरातले एकेक देऊळ घ्यावे, पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने त्याचा एकेक थर मोजावा, तुळईची लांबी आणि जाडी लिहून काढावी, छतातला प्रत्येक चौरस किती अंशांनी फिरला आहे ते नोंदवावे. लोणार, सिन्नर आणि अंबरनाथपासून ही सुरुवात करता येईल.